एसीएलच्या ऑपरेशननंतर ताकद आली, तोल कधी येणार?

आडवाट (पुणे)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज गरजेपोटी पहिला धागा काढतोय, सांभाळून घ्या.

गेल्या डिसेंबरात तोरणा-राजगड करताना बुधला माचीवरून उतरत होतो. घसाऱ्यावर डावा पाय रुतला आणि मी मागच्याला काहीतरी सांगायला वळलो, म्हणजे अंग वळलं, पाय तिथंच. टक्क असा आवाज आला, मागच्या मित्राला वाटलं माझी काठी मोडली. तेव्हा फार दुखलंही नाही पण तासाभरात गुडघा नारळाएवढा. दोघांच्या खांद्यावर हात टाकून डांबरी रस्त्याला लागेपर्यंत अंधार पडला होता. एमआरआयमध्ये एसीएल (गुडघ्याच्या आतलं, दोन हाडांना धरून ठेवणारं लिगामेंट) पूर्ण तुटलेलं, शिवाय आतल्या बाजूची गादी थोडी फाटलेली. सूज उतरू दिली आणि फेब्रुवारीत दुर्बिणीतून ऑपरेशन केलं, मांडीच्या मागची एक नस काढून तिचं नवीन लिगामेंट बनवलं.

आता सात महिने झालेत. व्यायाम एक दिवस चुकवला नाही (बायको साक्षीदार आहे). मशीनवर ताकद मोजली, डावी मांडी उजवीच्या ८८ टक्के. लेगप्रेसला दुखापतीच्या आधीपेक्षा जास्त वजन मारतो. सगळं झकास. पण दोन गोष्टी.

एक, डोक्याला शॅम्पू लावून डोळे मिटले की मी बाथरूममध्ये हलायला लागतो. नळ धरावा लागतो. दोन्ही पायांवर उभा असताना!

दोन, पर्वती. १०३ पायऱ्या चढताना काही त्रास नाही पण उतरताना प्रत्येक पायरीकडे बघितल्याशिवाय डावा पाय पडतच नाही. परवा एक सत्तरीचे आजोबा मोबाईलवर बोलत बोलत माझ्या पुढून उतरून गेले. गुडघा दुखत नाही, सटकत नाही, फक्त त्याला जमीन कळत नाही असं काहीतरी. शब्द सापडत नाही.

कोणाला असं झालंय का? घरी काय केलंत? आणि कोजागिरीला ग्रुपचा राजगड ठरतोय, जाऊ का?

खडूस_काका

जा की. सात महिने म्हणजे काय थोडे झाले. १९७९ साली मी सायकलवरून पडलो, गुडघा असाच फुगला, गावातल्या हाडवैद्याने ओढून पट्टा बांधला, तीन आठवड्यांत शेतात. ही एमआरआयची भानगड नव्हती तेव्हा लोक लंगडत होते का? हल्ली सगळ्यालाच मशीन.

लोणच्याची_बरणी (डोंबिवली)

काका, होते की लंगडत. माझे आजोबा शेवटपर्यंत लंगडत होते, फक्त त्याला सगळे "आजोबांची चाल" म्हणायचे 😄

धागाकर्ते, तुमचं ते शॅम्पूचं वाचून हायसं वाटलं, मला वाटायचं मला एकटीलाच होतं. माझं अर्धवट फाटलेलं, ऑपरेशन नाही केलं. सविस्तर रात्री लिहिते, आत्ता कुकर लावलाय.

सांधेजोड (नाशिक)

मी फिजिओथेरपिस्ट आहे, १४ वर्षं हेच काम. इथून कोणाचा गुडघा तपासता येत नाही त्यामुळे जे लिहितेय ते समजून घेण्यासाठी, तुमच्या स्वतःच्या फिजिओला विचारूनच करा.

आधी एक दुरुस्ती, नस नव्हे, स्नायूबंध. स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी. नस काढली असती तर वेगळा धागा काढावा लागला असता.

"जमीन कळत नाही" हा शब्द अगदी बरोबर आहे, दुसरा शोधू नका. एसीएलला आपण नुसती दोरी समजतो, मांडीचं हाड आणि नडगी यांना धरून ठेवणारी, नडगी पुढे सरकू न देणारी. ते काम ती करतेच. पण तिच्यात बारीक बारीक मज्जातंतूंची टोकं असतात, ताण पडला, गुडघा वळला की ती मज्जारज्जूला आणि मेंदूला खबर देतात. म्हणजे ती दोरीपण आहे आणि खबरीपण. डॉक्टरांनी दोरी नवीन बसवली, खबरी कुठून आणणार? नव्या दोरीत सुरुवातीला रक्तवाहिन्याही नसतात, हळूहळू आजूबाजूच्या पेशी तिच्यात शिरतात, त्याला कित्येक महिने लागतात. आणि खबर द्यायचं काम पहिल्यासारखं होईलच असं नाही.

मग मेंदू काय करतो, तर डोळ्यांवर विसंबतो. म्हणून पायरीकडे बघावं लागतं, म्हणून डोळे मिटले की तुम्ही हलता. तोंड धुताना तोल जातो का हा प्रश्न डॉक्टर लोक पूर्वापार विचारत आलेत. रॉम्बर्ग नावाचे जर्मन डॉक्टर होते एकोणिसाव्या शतकातले, त्यांच्या नावाची तपासणी आजही करतात, पाय जुळवून उभं राहा आणि डोळे मिटा. ती तपासणी मज्जारज्जूच्या आजारासाठी आहे, तुम्हाला तो आजार आहे असं मी म्हणत नाहीये, लगेच गुगल करू नका. पण दोन्ही पायांवर उभं असतानाही हलताय तर एकदा डॉक्टरांच्या कानावर घाला, कानाचा वगैरे काही भाग नाही ना तेवढं बघतील.

चांगली बातमी अशी की गुडघ्यात खबरी एकटं एसीएल नसतं. बाकीची लिगामेंट्स आहेत, मांडीचे-पोटरीचे स्नायू आहेत, तळव्याची कातडी आहे. त्यांना जास्तीचं काम शिकवता येतं. मात्र लेगप्रेसवर ते शिकत नाहीत कारण तिथे पाठ टेकलेली, मशीनची वाट ठरलेली, तोल सांभाळायचा प्रश्नच येत नाही.

राजगडचं विचाराल तर माझ्याकडून नाही. ८८ टक्के म्हणजे परीक्षेत चांगले मार्क पण इथे निदान ९० बघतात, आणि तेवढं पुरत नाही.

आडवाट

ताई, खूप आभार. खबरी हा शब्द बायकोला वाचून दाखवला, ती म्हणाली घरात आधीच एक आहे. (सासूबाई वाचत नाहीत हे संस्थळ.)

काय करू ते सांगा ना, घरच्या घरी होईल असं. इथे फिजिओकडे एक निळा अर्धगोल बॉल आहे पण त्यासाठी रांग असते.

दूरदेशी (ऑस्लो)

नमस्कार. माझं पण डावंच, स्कीइंग शिकताना. इथे हा एवढा कॉमन प्रकार आहे की ऑफिसात सांगितलं तर कोणी मान वर करून बघितलं नाही.

मला नऊ महिन्यांच्या आत काहीही उड्या मारायचं, वळायचं-पळायचं करायचं नाही असं निक्षून सांगितलं होतं. कारण ऑस्लो आणि अमेरिकेतलं डेलावेअर इथल्या लोकांनी मिळून पेशंट्सचा पाठपुरावा केला होता, २०१६ साली छापून आलं, त्यात नऊ महिन्यांपर्यंत जितकं थांबाल तितका पुन्हा दुखापतीचा धोका दर महिन्याला साधारण निम्म्याने कमी होत गेला. अर्थात ते उड्या मारायच्या, वळणा-वळणाच्या खेळांबद्दल, ट्रेकबद्दल नाही, पण तुमचं तुटलं ते वळतानाच ना.

काकांसाठी: ऑपरेशन केलंच पाहिजे असं इथेही कोणी म्हणत नाही. शेजारी स्वीडनमध्ये १२१ तरुण लोकांवर अभ्यास झाला होता, अर्ध्यांचं लगेच ऑपरेशन, अर्ध्यांना आधी व्यायाम आणि गरज पडली तर नंतर. व्यायामवाल्यांपैकी साधारण निम्म्यांना पाच वर्षांतही ऑपरेशन लागलं नाही. पण त्यांनी व्यायाम केला होता, पट्टा बांधला नव्हता.

अवांतर: इथे जानेवारीत फुटपाथवर पारदर्शक बर्फ असतो, लोक बुटांना खिळ्यांचे पट्टे लावून चालतात. ऑपरेशननंतरच्या पहिल्या हिवाळ्यात मी बस स्टॉपपर्यंत पेंग्विनसारखी चालायचे.

सांधेजोड

घरच्या घरी. यादी देत नाही, क्रम सांगते, कारण लोक यादीतलं शेवटचं आधी करतात.

आधी अनवाणी, कडक फरशीवर, एका पायावर. खोलीच्या कोपऱ्यात उभं राहायचं, पाठीमागे दोन भिंती आणि पुढे खुर्ची, म्हणजे कुठेही पडलात तरी काहीतरी हाताला लागेल. गुडघा ताठ लॉक करायचा नाही, किंचित वाकवायचा, वाटी पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत. आरशात बघा, गुडघा आत झुकतोय का. झुकत असेल तर सेकंद मोजू नका, चुकीचंच पाठ होतंय. ३० सेकंद स्थिर जमले की मान डावीकडे-उजवीकडे फिरवा. मग डोळे मिटा. मग पायाखाली घडी घातलेली गोधडी. मग गोधडीवर डोळे मिटून, यात भले भले पडतात. मग कोणीतरी बॉल टाकायचा आणि तुम्ही झेलायचा. मग बॉल झेलता झेलता एकोणतीसचा पाढा म्हणायचा. हसू नका, यामागे कारण आहे, गडावर तुम्ही गुडघ्याकडे लक्ष देत नसता, गप्पा मारत असता. लक्ष दुसरीकडे असताना गुडघा सांभाळला गेला तरच तो शिकला म्हणायचं.

आणि एकच नियम पाठ करा. दुसऱ्या दिवशी सकाळी सूज. थोडं दुखलं तर चालेल पण गुडघा भरल्यासारखा वाटला तर कालचं जास्त झालं, एक पायरी खाली उतरा. सूज असली की मांडीचा पुढचा स्नायू आपोआप बंद पडतो, शरीराची ती सवयच आहे, आणि बंद स्नायूवर तोलाचा व्यायाम म्हणजे सेल संपलेल्या टॉर्चने वाट शोधायची.

मातीतला_गडी (कराड)

वाचतोय सगळं. मी कबड्डीची पोरं पोरी शिकवतो. आमच्यात एसीएल म्हणजे घरोघरी मातीच्या चुली. चढाईवाला परत फिरतो, एकानं घोटा धरलेला, दुसरा मांडीला, वरचं अंग मधल्या रेषेकडे वळलेलं, झालं काम. मॅट आल्यापासून मला तरी जास्त दिसतंय, बूट मॅटला चिकटतो, मातीत पाय जरा घसरायचा तरी. हे माझं मत, कुणी अभ्यास केला असेल तर सांगा.

ताई म्हणतात ते सगळं बरोबर फक्त आमच्याकडं पोरांना गोधडीवर उभं करा म्हटलं तर हसतात. मग मी लंगडी घालायला लावतो. आपली साधी लंगडी. आख्ख्या महाराष्ट्रानं शाळेत घातलीय आणि आता तेच डॉक्टर लोक टेस्ट म्हणून घेतात, एक लंगडी उडी किती लांब, तीन सलग किती लांब, रेघेच्या अलीकडं पलीकडं तिरक्या तीन, आणि ६ मीटर किती सेकंदात. माझी एक पोरगी, डाव्या कोपऱ्याची रक्षक, ऑपरेशन होऊन सहा महिने झाल्यावर लांब उडी झकास मारायची पण उतरली की दोनदा ठेचकाळायची. अंतर बघून सगळे खूश, मी म्हटलं अंतर जाऊदे, उतरून तीन आकडे गप्प उभी राहून दाखव. नाही जमलं. अजून अडीच महिने थांबवली. रडली, घरच्यांनी मला शिव्या घातल्या, जिल्ह्याची निवड हुकली. आता खेळतीय.

त्या विनेश फोगटचं बघा, रिओत २०१६ ला मॅटवर गुडघा गेला, स्ट्रेचरवर नेली, २०१८ ला जकार्तात एशियाडचं सोनं. मधली दोन वर्षं कुणी टीव्हीवर दाखवली नाहीत. पोरांना वाटतं एकदम सोनंच.

आडवाट भाऊ, तुम्ही मात्र एवढ्यात लंगडी घालू नका, आधी ताईंचं ऐका.

खडूस_काका

लंगडीला टेस्ट म्हणून पैसे घेतात? वा रे कलियुग.

बाय द वे आत्ता करून बघितलं, एका पायावर. उजव्यावर १२ सेकंद, डाव्यावर ४. डावा तोच, सायकलवाला. मिसेस म्हणाल्या खाली बसा आधी.

लोणच्याची_बरणी

काका 🙏 कोपरा आणि खुर्ची हं!

माझी गोष्ट. वय ५२. पावसाळ्यात स्टेशनच्या जिन्यावर घसरले, पाय मुडपला. एसीएल अर्धवट, डॉक्टर म्हणाले गुडघा सटकत नाहीये, आपण व्यायामावर बघू. पहिले तीन महिने नुसती टाच सरकवणे, मांडी आवळणे, पाय सरळ उचलणे, इतकं कंटाळवाणं की सिरीयल बघत करायचे. त्यानंतर तोल.

मला वेगळा वेळ काढणं शक्य नव्हतं म्हणून मी तो पोळ्यांमध्ये घुसवला. ओट्याशी उभी राहून एक पोळी उजव्या पायावर, एक डाव्या. ओटा पुढ्यात असतो, पडायची भीती नाही. सुरुवातीला डाव्या पायाच्या पोळ्यांचे नकाशे व्हायचे, मुलगा बघून ओळखायचा, ही डावी. चारेक महिन्यांनी दोन्ही गोल. (गॅस पेटता असतो, लाटतानाच करा, भाजताना दोन्ही पाय खाली!)

पण खरी परीक्षा लोकल. इतकी वर्षं दारापाशी काही न धरता उभी राहायचे, ब्रेक लागला की अंग आपोआप मागे-पुढे व्हायचं, कधी विचारही केला नव्हता. दुखापतीनंतर गाडी हलली की मी अख्खी दगडासारखी ताठ, आणि ताठ माणूस आधी पडतो. सगळा गुडघा ताठ, बोटं चपलेत आवळलेली. मैत्रीण म्हणाली अगं श्वास सोड. खरंच श्वास रोखलेला असायचा.

आडवाट

दहा दिवसांचा अहवाल.

पहिल्या दिवशी कडक फरशीवर, डोळे उघडे: उजवा ३४ सेकंद, डावा २१. डोळे मिटून: उजवा ११, डावा... ३. तीन! ताईंनी सांगितलं म्हणून व्हिडिओ काढला, बघून धक्का बसला. डाव्या पायाची बोटं फरशीला अशी धरलेली जशी काही फरशी पळून जाणार आहे, घोट्याजवळच्या दोऱ्या तडतड उडताहेत, आणि गुडघा मात्र जागचा हलत नाही. सगळी कामं घोटा करतोय, गुडघा साहेब बसून. आज दहाव्या दिवशी डोळे मिटून ९ सेकंद. बोटं अजून धरतात.

उजवापण एवढा कच्चा कसा, तो तर चांगला पाय?

सांधेजोड

छान निरीक्षण. बोटं धरणं म्हणजे पायाला भरवसा नाही. बोटं मुद्दाम उचलून उभे राहा थोडा वेळ, तळव्याचे तीन टेकू, टाच आणि अंगठ्याखालचा-करंगळीखालचा चवडा, जमिनीला लागलेले जाणवू द्या.

उजव्याचं म्हणाल तर हे बऱ्याच जणांत दिसतं. एक गुडघा गेला की दुसऱ्या पायाचा तोलही घसरतो, कारण बदल नुसता गुडघ्यात होत नाही, वर मेंदूतही होतो, शिवाय इतके महिने दोन्ही पाय कमी वापरले गेले. म्हणूनच "दुसऱ्या पायाच्या ९० टक्के" या मापावर डोळे झाकून जाऊ नका, दुसरा पाय स्वतः खाली आलेला असतो. दोन्हीचा व्यायाम करा.

आता पुढचं. फरशीवर चिकटपट्टीने इंग्रजी वायचा आकार काढा, एक रेघ समोर, दोन तिरक्या मागे. मधोमध एका पायावर उभं राहून दुसऱ्या पायाच्या बोटांनी रेघेवर जमेल तितकं लांब पोचायचं आणि तोल न जाता परत यायचं. शिंप्याच्या टेपने मोजा. समोरच्या रेघेवर दोन पायांत ४ सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर दुखापतीची शक्यता वाढते असं शाळकरी बास्केटबॉलपटूंमध्ये दिसलं होतं. तुमच्यासाठी तो आकडा म्हणजे देवाची रेघ नाही पण कुठे आहोत ते कळतं.

आडवाट

केलं. बोट टेकवलं की नकळत भार पडतो आणि लांबी फसवी येते, म्हणून कॅरमचा स्ट्रायकर ठेवला रेघेवर आणि अंगठ्याने हळूच पुढे ढकलत नेला, जिथे राहील तिथे मोजायचं. समोर: उजव्यावर उभा असताना ६३, डाव्यावर ५५. आठ सेंटीमीटर. कोजागिरी रद्द, ग्रुपला कळवलं.

वडील स्ट्रायकर शोधतायत, त्यांना अजून सांगितलं नाही कुठे वापरला ते.

मातीतला_गडी

स्ट्रायकरची आयडिया चोरतो भाऊ. आमच्याकडं कॅरम नाही, बाटलीचं झाकण घेतो.

दूरदेशी

वाखूसा (वाचनखूण साठवली).

आडवाट

धागा वर काढतोय, जानेवारी आहे, अकरा महिने होत आले.

कोजागिरीला घरी मसाला दूध पिऊन गप्प बसलो. नोव्हेंबरात समोरचा फरक ३ सेंटीमीटरवर आला. डिसेंबरात फिजिओने लंगडीच्या चारही चाचण्या घेतल्या, उतरून तीन आकडे थांबून (गडी भाऊंचं नाव सांगितलं तिथे). डॉक्टरांनी हो म्हटलं. त्याआधी महिनाभर पर्वती उतरताना बायको बाजूने काहीबाही विचारायची, किराणा काय संपलाय, दुधाचे किती झाले, आणि मी समोर बघत उत्तर द्यायचं. पायरीकडे बघितलं की दंड पाच रुपये. १४५ रुपये भरले एकूण.

मागच्या रविवारी राजगड, गुंजवण्यातून चोर दरवाज्याने चढलो आणि उतरताना मुद्दाम पाली दरवाजा धरला, पायऱ्यांची वाट म्हणून. दोन्ही हातांत काठ्या. खालच्या टप्प्यात एक दगड डाव्या पायाखाली गडगडला. मी मित्राशी गाडी कुठे लावलीय ते बोलत होतो. पाय दुसऱ्या दगडावर पडला, गुडघा वाकला, मी सरळ झालो, आणि मग, म्हणजे हे सगळं होऊन गेल्यावर, मला भीती वाटली. पूर्वी भीती आधी यायची. खाली बसून पाणी प्यायलो, हात थरथरत होते, पाय नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं काम वाटीच्या बाजूने बोट फिरवून सूज बघितली. नव्हती.

शॅम्पूचं अजून थोडं आहे. नळ धरत नाही पण हात नळाजवळ असतो. घसारा एवढ्यात नाहीच.

लोणच्याची_बरणी

किती छान! डोळ्यासमोर आलं सगळं. आणि स्ट्रायकर?

आडवाट

वडिलांना सापडला, चिकटपट्टीचा डिंक लागलेला. म्हणाले म्हणूनच गेले दोन महिने माझी क्वीन जात नव्हती.

खडूस_काका

डावा १७ सेकंद. डोळे उघडे ठेवून. मिसेस खुर्ची धरून समोर उभ्या असतात. हाडवैद्य आता हयात नाहीत नाहीतर विचारलं असतं.

ताई, मधुमेह आहे मला, तळपायाला जरा बधिरपणा असतो. त्याचा यात संबंध येतो का?

सांधेजोड

येतो काका, चांगलाच येतो. तळवेच बधिर असतील तर डोळे मिटायचा व्यायाम अजिबात करू नका, अनवाणीही नको. आधी डॉक्टरांकडून पाय तपासून घ्या, या आठवड्यातच. मग तुमच्यासाठी वेगळा धागा काढू.